हप्ता तोच, ठेवीचे व्याज मात्र लगेच उतरले

मा. संपादक,
स. न.

या डिसेंबरात (2025) रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, सव्वापाच टक्क्यांवर आल्याबद्दलचा कालचा अग्रलेख वाचला. 'गृहकर्जदारांना मोठा दिलासा' असे आपण म्हटले आहे. मी गृहकर्जदार आहे, म्हणून लिहिते.

आमचे कर्ज 2021 मधले. गोव्यात फोंड्याजवळच्या कुर्टीला फ्लॅट घेतला, पंचवीस लाख, वीस वर्षे, दर 6.90 टक्के, हप्ता एकोणीस हजार दोनशे. तेव्हा रेपो चार टक्के होता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने तो साडेसहावर नेला आणि आमचा दरही तेवढाच चढला. हप्ता मात्र बँकेने बदलला नाही, मुदत वाढवली. पत्र नाही, फोन नाही. खातेउतारा मागून घेतला तेव्हा काय ते कळले. त्या महिन्याच्या हप्त्यातले साडेअठरा हजारांच्या वर व्याजात गेले होते आणि मुद्दलात पाचशे रुपये. वीस वर्षांचे कर्ज तिशीपलीकडे गेले होते. माझे यजमान साठीला निवृत्त होणार आणि हप्ते सत्तरीनंतरही चालू राहणार!

दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायलाच हवे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये काढला. चांगला आदेश आहे. तोवर आमच्यासारख्यांची मुदत वाढून बसली होती. यंदा फेब्रुवारीपासून रेपो सव्वा टक्क्याने उतरला. शाखेत जाऊन विचारले, तर खिडकीवरच्या मुलाने स्क्रीन माझ्याकडे वळवून सांगितले, "मॅडम, तुमची रिसेट तारीख, म्हणजे कर्जाचा दर बदलायची तारीख, अजून यायची आहे." तीन महिन्यांतून एकदा दर बदलला की रिझर्व्ह बँकेचा नियम पाळला जातो, हे मला मान्य आहे. पण हप्ता कमी करून हवा असेल तर वेगळा अर्ज, त्यासोबत पगाराच्या स्लिपा आणि मग साहेबांची सही. मुदत वाढवताना यातले काहीच लागले नव्हते.

आता दुसरी बाजू. माझ्या सासूबाईंची दहा लाखांची ठेव त्याच शाखेत आहे. सासरे तारवटी होते, जहाजावर आयुष्य काढून त्यांनी मागे ठेवलेले हे पैसे. साडेसात टक्क्यांची ती ठेव ऑगस्टमध्ये पिकली आणि नूतनीकरण झाले पावणेसात टक्क्यांनी. वर्षाला साडेसात हजार रुपये कमी. त्यांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या त्यातूनच येतात. तिथे कुठली रिसेट तारीख आडवी आली नाही. बचत खात्याचे व्याज तर बहुतेक मोठ्या बँकांनी अडीच टक्क्यांवर आणून ठेवले आहे. 2022 मध्ये रेपो चढत होता तेव्हा कर्जे आधी महागली, ठेवींचे दर मागाहून रेंगाळत आले. म्हणजे चढताना आधी कर्जदार सापडतो, उतरताना ठेवीदार. आणि गोवा हे ठेवीदारांचे राज्य आहे. इथल्या बँकांत ठेवी भरपूर आणि कर्जे त्या मानाने थोडी, हे प्रत्येक बँकर्स समितीच्या बैठकीच्या बातमीत आपणच छापता. मग दरकपातीवर लिहिताना निवृत्त माणसाच्या ठेवीबद्दल एक ओळ का नसावी?

अग्रलेखात महागाई 'आटोक्यात' असल्याचे म्हटले आहे. ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाईचा आकडा 0.25 टक्के, हे खरे. पण गेल्या वर्षी त्याच महिन्यात तो 6.21 होता, भाज्या तेव्हा कडाडल्या होत्या. त्या चढलेल्या भावाशी तुलना केली की यंदाची भाजी स्वस्त दिसणारच, आणि तेव्हाच्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ 46 टक्के असल्याने सगळा आकडाच खाली आला. भाज्या सोडल्या तर वाढीचा वेग कमी झाला आहे, चढलेले भाव खाली आलेले नाहीत. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बाजारात मोठ्या नारळाला मी पन्नास रुपये मोजले आणि तो आजही तीसवर आलेला नाही. नारळाशिवाय गोव्यात कुणाचे जेवण होते?

पगाराचे तर विचारूच नका. 2022 मध्ये दर वाढवताना एक कारण असे दिले जायचे की महागाई लोकांच्या अपेक्षांत मुरली की पगार वाढवून मागितले जातात, पगार वाढले की भाव आणखी वाढतात. माझी मुलगी वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत ठेकेदारामार्फत काम करते, अकरा महिन्यांच्या करारावर. महागाई सहा-सात टक्के होती तेव्हा करार जुन्याच पगारावर पुन्हा झाला. यंदा तिने वाढ मागितली तर उत्तर मिळाले, "महागाई कुठे आहे? पेपर वाचत नाही का?" सरकारी नोकराला निदान महागाई भत्ता आहे. वेर्णे, कुंडई, पिळर्णच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंत्राटी मुलांना मागायला जागाच नाही. त्यांच्या पगारामुळे भाव चढतील अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी एकदा सकाळी सहाच्या कंपनीच्या बसमध्ये बसून या मुलांशी बोलावे. त्यांचे ओझे व्याजदर वाढवून हलके झाले नाही आणि कमी करूनही होणार नाही. हे रिझर्व्ह बँकेच्या हातातले कामच नव्हे. किमान वेतन आणि ठेकेदारी यांचा हिशेब पर्वरीत, म्हणजे राज्य सरकारकडे, मागायला हवा, आणि तो मागणारा अग्रलेख मी फार दिवसांत वाचलेला नाही.

आणखी एक. म्हापसा आणि मडगावचे मासळी-भाजीचे भाव आपल्या अंकात शुक्रवारी यायचे, ती चौकट बंद झाली आहे. त्या जागी आता सोन्याच्या पेढीची जाहिरात असते. सासूबाई भिंग घेऊन ते भाव वाचायच्या आणि कोपऱ्यावरच्या नुस्तेकारणीला (मासळीवालीला) ऐकवायच्या. ती चौकट कृपया पुन्हा सुरू करावी.

आपली,
एक वाचक, कुर्टी-फोंडा