व्हेंचुरी लावताय, तर एनआरव्ही पण लावा

संपादक साहेब, नमस्कार.

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की आमच्या निफाड तालुक्यात घरोघरी ड्रिपमधून खतं सोडायचं काम सुरू होतं. त्यासाठी बऱ्याच जणांकडे ड्रमातलं खत ड्रिपच्या पाण्यात ओढून मिसळणारी ती छोटी प्लास्टिकची व्हेंचुरी असते, तिच्याबद्दल आणि तिच्यासोबत लागणाऱ्या एनआरव्हीबद्दल (नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) लिहितोय.

व्हेंचुरीला मोटर नाही, फिरणारा पार्ट नाही. पाइप मध्येच निमुळता होतो, तिथं पाणी जोरात पळतं आणि प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातं, मग ड्रमातल्या पाण्यावर हवेचा जो दाब असतो तोच खताचं द्रावण नळीतून वर ढकलतो. आपण म्हणतो ओढतंय, पण खरं काम हवा करते. १७९७ साली इटलीतल्या जोव्हान्नी बत्तिस्ता व्हेंचुरींनी हे मांडलं, त्यांचंच नाव लागलं. घरच्या विहिरीवरचा जेट पंप, पेंटरची स्प्रे गन, सगळं ह्याच तत्त्वावर.

"व्हेंचुरी ओढत नाही" ही तक्रार तर रोजची. लोक दुकानात जाऊन बदलून आणतात आणि नवी पण ओढत नाही, कारण मेनलाइनचा कॉक पूर्ण उघडा असतो आणि दोन्ही बाजूला प्रेशर सारखंच. कॉक थोडा थोडा आवळत न्या, अलीकडे प्रेशर २ किलो असेल तर पलीकडे सव्वा-दीडवर आलं की नळीला तळहात लावून बघा, चिकटून बसतो.

पण माझं मुख्य दुखणं वेगळंच आहे. मागच्या सीझनला आम्ही ह्युमिक (जमिनीसाठी द्यायचं काळं द्रावण) सोडत होतो, पारदर्शक नळीतून काळं पाणी चढताना दिसत होतं, तेवढ्यात लाईट गेली. मी घरी चहा प्यायला गेलो, परत आलो तर ड्रम अर्धा रिकामा आणि विहिरीत पाइपाजवळ काळा पट्टा पसरलेला! मोटर बंद पडल्यावर पाइपलाइनचं पाणी विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला असलेल्या गळक्या फूटव्हॉल्व्हमधून खाली विहिरीत गेलं, वर व्हॅक्यूम झाला आणि त्याने ड्रमातलं औषध खेचून घेतलं. ह्युमिक काळं म्हणून दिसलं तरी, कॅल्शियम नायट्रेट असतं तर पाणी नितळच दिसलं असतं आणि आम्ही तेच प्यायलो असतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका, आणि आमच्या विहिरीवरून तीन घरांचं पिण्याचं पाणी जातं.

फिटिंग करणाऱ्याने खताच्या नळीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवलाच नव्हता, मेनलाइनला पण नाही. विचारलं तर म्हणे कोणीच बसवत नाही. माझी कृषी विभागाला कळकळीची विनंती आहे की ठिबकच्या अनुदानाची मोका तपासणी करताना जिथं व्हेंचुरी आहे तिथं हे दोन व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूम झाला की पाइपात हवा घेणारा एअर व्हॉल्व्ह बसवलेत का ते बघा, नसतील तर बिल अडवा.

आणि शेतकरी बांधवांनो, उद्याच एक करा. व्हेंचुरी चालू असताना नळी साध्या पाण्याच्या बादलीत ठेवा, मग मोटर बंद करा आणि पाच मिनिटं तिथंच उभं राहून बघा. बादलीतलं पाणी कमी झालं तर व्हॉल्व्ह बसेपर्यंत त्या विहिरीवर व्हेंचुरी चालवू नका.

- एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक