सुमे, आपल्या वाड्याला पुणं व्हायला सांगतायत

दांडिया बाजार, बडोदे
गुरुवार, रात्री उशिरा

प्रिय सुमे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मधेच "अगं ऐक ना" म्हणून तुझं सुरू करतेस आणि माझं अर्धं पोटात राहतं, म्हणून लिहिते आहे. इकडे सगळं ठीक. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. आता मुद्द्याचं.

वाडा शूटिंगसाठी मागितलाय.

मुंबईहून लोकेशन बघणारा एक मुलगा आला होता, बरोबर आर्ट डायरेक्टर बाई. मालिका नाही, सिनेमा आहे. काळ १९४२ चा आणि गाव पुणं. पुण्यातल्या वाड्यांच्या चारी बाजूंनी आता इमारती उठल्यात म्हणे, कॅमेरा जरा वर केला की पाण्याची टाकी नाहीतर मोबाइलचा टॉवर. आपल्या चौकात उभं राहिलं की अजून नुसतं आभाळ दिसतं, त्यावर दोघं खूश. मुलाने भिंतीला लेझरचं यंत्र लावून मापं घेतली, खांबावर टिचकी मारून बघितली, मग वर गेला. तुमच्या बिऱ्हाडात. रस्त्याकडच्या खिडकीशी बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "ही नायिकेची खोली."

तुझी खोली, सुमे! जिथे तू गणिताचं पुस्तक वाशांच्या सांदीत कोंबून ठेवलं होतंस आणि तुझ्या आईने ते दिवाळीच्या साफसफाईत शोधून काढलं होतं. मला एकदम सांगावंसं वाटलं की नायिका इथे आधीच राहून गेली आहे आणि तिला बीजगणित येत नव्हतं.

इथवर मला आनंदच होता. मग खाली येताना बाई सोप्यात थांबल्या आणि झोपाळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हा काढावा लागेल. फार गुजराती दिसतो."

तेव्हापासून मला झोप नाही. वहिनी म्हणते, "झोपाळाच आहे ना, महिनाभर माळ्यावर टाकू." तिला कसं सांगू? तू त्याच्यावरून पडून दात पाडून घेतलास, आपण दोघींनी दहावीचा निकाल त्याच्यावर बसून ऐकला, हे झालं आपलं. पण त्यापलीकडेही आहे. आजोबांनी तो संखेड्याहून बनवून आणला. कातीव दांड्यांचा कठडा, तपकिरी-शेंदरी रंग, त्यावर कथिलाची बारीक नक्षी आणि वरून लाख. कथील खरं तर पांढरं, पण लाखेतून बघितलं की सोन्यासारखं दिसतं. उजवीकडच्या तिसऱ्या दांडीपाशी लाख उडाली आहे आणि तिथे खालचं करडं कथील दिसतं. आता हा झोपाळा सुटा करायचा म्हणजे सांधे ठोकायचे, आणि ठोकले की इतक्या वर्षांची लाख पापुद्र्यांनी निघणार. उष्णतेने ती मऊही पडते, तेव्हा त्यांच्या दिव्यांचीही मला धास्ती आहे. आणि मुख्य म्हणजे आपला वाडा पुण्याचा नाही हे ज्यावरून कळतं, तेच नेमकं त्यांना नको आहे. दारावरची गुजरातीतली पाटीही नको. म्हणजे आपल्या चार पिढ्या इथे राहून जे झालो, तेवढंच फक्त काढायचं आणि उरलेलं चालेल.

तू म्हणशील, मंगी, सिनेमात गावं खोटीच असतात, एवढं काय त्यात. माहीत आहे गं मला, आपल्या दोघींची वही अजून माझ्याकडे आहे. कुठला सिनेमा कुठे काढला ते लिहायची. त्यात तुझ्या अक्षरात 'हम दिल दे चुके सनम – इटली' असं लिहिलंय आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. त्यातला तो पूल बुडापेस्टचा निघाला तेव्हा तू आठवडाभर बोलत नव्हतीस, जणू हंगेरी मी नेऊन ठेवली होती तिथे! आणि 'लगान' आला तेव्हा तुझ्या मावसभावाने आपल्याला चांपानेरला नेऊन ते क्रिकेटचं मैदान शोधायला लावलं होतं, आठवतं? आपलं चांपानेर पावागढच्या पायथ्याशी, इथून पन्नासएक किलोमीटरवर, महमूद बेगड्याची राजधानी, जामा मशिदीचे ते कोरीव मिनार. सिनेमातलं चांपानेर मात्र तिकडे कच्छमध्ये, भूजजवळच्या कुनारियाला उभारलेलं. भर उन्हात आपण मैदान शोधतोय आणि तो म्हणतोय, "इथेच असणार, झाडं काढली असतील."

प्रेमरोगचं मात्र मी अजून मानलेलं नाही, हे इथे लिहून ठेवते. लक्ष्मी विलास राजवाड्यात त्या सिनेमाचं शूटिंग होतं तेव्हा आपण दोघी फाटकाबाहेर उभ्या होतो आणि आत जाणारी दिव्यांची गाडी सोडून आपल्याला काहीही दिसलेलं नाही. पद्मिनी कोल्हापुरे तुला बघून हसली हे तू मिलिंदरावांना लग्नानंतर सांगितलंस, मुलाला सांगितलंस, आता नातवंडांनाही सांगशील. ती हसली नाही, सुमे. ती तिथे नव्हतीच.

मिलिंदरावांवरून आठवलं. मागच्या खेपेला ते राजवाड्याच्या गोल्फ कोर्सवर खेळून आले आणि नंतर मला तासभर सिनेमातल्या गोल्फ कोर्सांवर ऐकवलं. तेव्हा मी नुसती हं हं करत होते. गेले काही दिवस मात्र तेच सारखं डोक्यात घोळतंय. तुमच्या इंग्लंडातल्या, स्लाऊजवळच्या स्टोक पार्कचं त्यांनी सांगितलं होतं. १९६४ च्या 'गोल्डफिंगर'मधला बाँडचा तो सामना तिथला. कादंबरीत ते मैदान केंटच्या किनाऱ्यावरचं, नावही बनवलेलं, सिनेमात झालं बकिंगहॅमशायरचं. त्यासाठी शॉन कॉनरी गोल्फ शिकला आणि जन्मभराचा नाद लावून घेतला. पण मैदानाचं काय बिघडलं? काही नाही. २०२१ मध्ये रिलायन्सने ते ५ कोटी ७० लाख पौंडांना घेतलं, तेव्हा बातम्यांत पुन्हा बाँडचंच नाव आलं. सिनेमाने त्या जागेला दिलं, तिच्याकडून नेलं काही नाही.

दुसरं त्यांनी सांगितलं ते अमेरिकेतलं. 'कॅडीशॅक' हा १९८० चा गोल्फवरचा विनोदी सिनेमा. गोष्ट तिकडच्या मधल्या भागातल्या क्लबची आणि शूटिंग फ्लोरिडात, जिथे पावलोपावली ताडामाडाची झाडं. दिग्दर्शकाला ती झाडं नको होती. मग त्यांनी काय केलं? झाडं नसलेलं मैदान शोधलं! डेव्ही नावाच्या गावी, रोलिंग हिल्स. करवत नाही लागली कशाला.

आणि याच्या अगदी उलट थायलंडमध्ये, 'माया बे' नावाच्या किनाऱ्यावर. 'द बीच' या सिनेमासाठी, हा २००० चा, तिथल्या वाळूच्या टेकड्या यंत्रं लावून सपाट केल्या, मुळची झुडपं काढली आणि किनारा जास्त 'बेटासारखा' दिसावा म्हणून नारळ आणून लावले. ते खरंच बेट होतं गं! पुढे सिनेमा बघून लोकांची इतकी रीघ लागली की २०१८ मध्ये सरकारला तो किनारा बंद करावा लागला, तो २०२२ उजाडेपर्यंत उघडला नाही.

मला त्या बाईंना हेच सांगायचं होतं आणि समोर सुचलं नाही. तुम्हाला हवं ते आणा. 'शोले'साठी कर्नाटकात रामनगरच्या खडकांत अख्खं गाव उभारलं, काम झाल्यावर मोडून नेलं, खडक आहेत तिथेच आहेत. तसं आमच्या चौकात विहिरीचा रहाट आणा, दगडी जातं आणा, भिंतीवर टिळकांची तसबीर लावा. आमचं आहे ते काढू नका. जागेने सोंग घेण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. फाळक्यांनी राजा हरिश्चंद्राचं रान वांगणीला दाखवलं आणि ते फाळके आपल्याच गावच्या कलाभवनात १८९० मध्ये शिकलेले. बडोद्याच्या माणसाने सिनेमाला नाही म्हणावं हे मला शोभणार नाही.

पण नावाचंही सलतं. तुझ्या इंदूरच्या आत्या महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर बसून म्हणाल्या होत्या, "आमच्या घाटाला सिनेमात बनारस करतात, एकदा तरी महेश्वर म्हणा." 'यमला पगला दीवाना'मध्ये केलंच होतं तसं. तेव्हा आपण हसलो होतो. आत्यांचं बरोबर होतं.

आता दादाचं ऐक, कारण तो काही वेडावाकडा बोलत नाहीये आणि तिथेच माझी पंचाईत आहे. मागच्या पावसाळ्यात माजघराच्या तुळईला ओल आली. कौलं उतरवून नवी घालायची तर जेवढे पैसे लागतात, तेवढे ही मंडळी एका महिन्याचे देतायत. आणि दुसरं तो म्हणाला ते मला रात्रंदिवस कुरतडतंय. तो म्हणतो, "भूजचा प्राग महल आठव. २६ जानेवारी २००१ ला भूकंप झाला आणि त्याची काय दशा झाली. त्याच्या आधी शूटिंग झालं होतं म्हणून धडधाकट प्राग महल आज पडद्यावर तरी दिसतो. आपला वाडा किती वर्षं उभा राहणार, मंगी? तुझ्यानंतर कोण बघणार?" यावर मी काय बोलणार? पोरं बेंगळुरूला आणि कॅनडात. खालच्या गल्लीतला जोशांचा वाडा गेल्या वर्षी पाडला, त्याचा एक धड फोटो कुणाकडे नाही.

मी एवढंच म्हटलं, "राहील, पण पुण्याचा म्हणून राहील." तो गप्प बसला. मग म्हणाला, "आपल्याला तर कळेल ना." दादाला इतकं हळू बोलताना मी बाबांच्या आजारपणानंतर पहिल्यांदा ऐकलं.

मग काल रात्री बसून मी कागद केला. झोपाळा हलणार नाही. त्यावर गादी टाका, चादरी टाका, समोर पडदा धरा, कॅमेरा दुसरीकडून लावा, पण कड्या सुटणार नाहीत. तुझ्या खोलीत खिळा नाही. सोप्यात गरम दिवे नाहीत. आणि सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्यात 'चित्रीकरण स्थळ: दांडिया बाजार, बडोदे' अशी ओळ हवी, वाचता येईल इतका वेळ. दादा म्हणतो, एवढ्या अटी घातल्या तर ते उठून दुसरीकडे जातील. जातील तर जातील असं तोंडाने म्हणते, पण माजघराची तुळई बघितली की घशाखाली घास उतरत नाही.

म्हणून तुला विचारते. वरची खोली कागदावर आमची असली तरी तुम्ही तिथे वीस वर्षं राहिलात, तेव्हा तुझा शब्द मला दादाच्या शब्दाइतकाच आहे. झोपाळा तसाच ठेवून हो म्हणावं, की सरळ नाही? आणि तुझ्या खोलीत दुसरी कुणी नायिका चालेल का तुला? खरं सांग, मोठेपणा दाखवू नकोस.

अनयचं कॉलेजचं काय ठरलं? नवीन घरात स्वयंपाकघर मोठं आहे म्हणालीस, बरं झालं. पाय सुन्न होतात ते दाखव डॉक्टरला, अंगावर काढू नकोस. लीलो चिवडा पाठवते आहे, मिलिंदरावांपासून लपवून ठेव.

त्या लोकांना सोमवारी उत्तर द्यायचंय. रविवारी तुमच्या सकाळी फोन कर, आणि आधी दादाशी बोल, मग माझ्याशी. माझं तो ऐकून घेतो, पण तुझं मानतो. कौलांच्या खर्चाचा विषय त्याला आधी काढू दे, मग झोपाळ्यावर ये.

तुझी,
मंगी