आरोळी राखल्याबद्दल आभार

आदरणीय फ्रेमवाले काका,
सादर नमस्कार.

जांभळी नाक्याजवळच्या आपल्या दुकानातून वडिलांनी जपलेले चित्र फ्रेम करून घरी आणले, पण डोळे भरून आल्यामुळे त्या दिवशी आपले आभार नीट मानता आले नाहीत, म्हणून हे उघड पत्र.

फ्रान्सिस व्हीटली या चित्रकाराने रंगवलेल्या लंडनच्या फेरीवाल्यांच्या चित्रांवरून १७९३ ते १७९७ या काळात, तांब्याच्या पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरून, १३ मुद्राचित्रे काढली गेली. त्यांत दूधवाल्या आहेत, संत्रीवाली आहे, बांगडे विकणारी आहे. आमच्याकडचे चित्र सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याचे. या मालिकेच्या पुढे इतक्या नकला निघाल्या की आमच्या प्रतीला बाजारात फारसे मोल नाही, हे वडील स्वतःच हसत सांगत. व्हीटलीची माणसे रस्त्यावर राबणाऱ्यांच्या मानाने जरा जास्तच नीटनेटकी आहेत, हेही मान्य. पण प्रत्येक चित्राखाली त्या विक्रेत्याची आरोळी इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये छापलेली असते, आणि खरा रस्ता ऐकू येतो तो तिथेच.

नेमकी तीच ओळ उडवायला एका झगझगीत दुकानातले गृहस्थ निघाले होते, कारण काय, तर चित्र तयार फ्रेममध्ये बसावे! दुसऱ्या एकांनी तर कागद थेट हार्डबोर्डवर डकवून देण्याची तयारी दाखवली. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात त्याचे काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

आपण मात्र हात धुऊन, पुसून, कागदाखाली दुसरा कोरा कागद सरकवून तो उचललात. फुटपट्टी ठेवण्यापूर्वी विचारलेत, “ताई, खाली काय लिहिलंय?” मी सांगितले, “सुऱ्या, कात्र्या, वस्तऱ्यांना धार लावून घ्या, असं ओरडतोय तो.” त्यावर काही न बोलता आपण पट्टी त्या अक्षरांच्याही खाली, पत्र्याच्या दाबाने उमटलेल्या पुसट कडेपलीकडे नेलीत आणि तिथे पेन्सिलीची बारीक खूण केलीत. माउंट, बीडिंग, काच हे सारे उत्तमच झाले आहे, पण माझ्या मनात घर करून राहिली ती ही खूण. समोरच्याची वस्तू स्वस्त की महाग हे न पाहता तिचा मान राखणारी माणसे आपल्या शहरात अजून आहेत, याचा मला फार आधार वाटला.

वडिलांच्या ट्रंकेत दूधवाल्यांचे चित्रही निघाले आहे. गणपती झाले की ते घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
नौपाड्यातील एक ग्राहक