मेफ्लायच्या बाटल्यांतल्या चिठ्ठ्या खुल्या करा

मा. केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

आपल्या मंत्रालयाच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या (झेडएसआय) संग्रहात ओढ्यांतून गोळा केलेले मेफ्लाय (पाण्यात वाढणारे छोटे कीटक) अल्कोहोलमध्ये जपलेले आहेत. मागणी एकच: प्रत्येक बाटलीतल्या चिठ्ठीवरचा मजकूर इंटरनेटवर, कोणालाही उतरवून घेता येईल असा द्यावा. फक्त प्ररूपांचा (ज्यांवरून जातीचे पहिले वर्णन झाले त्या नमुन्यांचा) नव्हे, साध्यासुध्या नमुन्यांचाही.

लोकांना मेफ्लाय दिसतो तो दिव्याभोवती, एखाद-दुसऱ्या रात्री. प्रौढ काहीच खात नाही. वीण झाली की संपतो. त्याआधीचे कित्येक महिने पिल्लू पाण्यात, दगडांच्या आडोशाला काढते. सांडपाणी आले की नाजूक जाती लगेच नाहीशा होतात, काही मात्र तग धरतात. ब्रिटनच्या बीएमडब्ल्यूपी गुणपद्धतीत प्रदूषण जितके कमी सोसते तितके कुळाला जास्त गुण; मेफ्लायच्याच हेप्टाजेनिइडी कुळाला १० गुण आहेत, बीटिडी कुळाला ४. म्हणजे 'ओढ्यात मेफ्लाय होते' एवढ्याने भागत नाही. कोणते, कुठे, कधी, हे लागते, आणि ते त्या चिठ्ठीवर असते.

आपल्याकडे नद्या-ओढ्यांतले जीव नोंदवण्याचे हे काम नवे नाही. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला आणि प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन केले. हेच ॲनंडेल १९१६ मध्ये झेडएसआयचे पहिले संचालक झाले. १९१९ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर लिहिले. कोयना धरण पुढे साठच्या दशकातले. धरणाआधीच्या नदीत काय होते, हे आज नदीला विचारून कळणार नाही. जुन्या संग्रहांनाच विचारावे लागेल.

आणि संग्रह नाशिवंत असतात. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतले राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय जळाले. तेही आपल्याच मंत्रालयाचे. आगीचे सोडा, बाटलीचे झाकण सैल असले तरी पुरे. अल्कोहोल उडते, पिल्लाचे कल्ले नि पाय गळतात, आणि ओळख पटवायची असते ती नेमकी त्यांवरूनच.

सुरुवात आकुर्डीच्या पश्चिम विभागीय केंद्रापासून करता येईल. चिठ्ठीचा फोटो काढावा, मजकूर जसाच्या तसा उतरवावा. गावाचे जुने स्पेलिंग सुधारू नये. अक्षांश-रेखांश अंदाजाने दिले असतील तर तसे नोंदवावे. जातीपर्यंत न ओळखलेली पिल्लेही वगळू नयेत, कारण ओळख उद्या पटू शकते, गेलेली तारीख पुन्हा मिळत नाही. वाघांची ठिकाणे लपवावी लागतात हे समजते. मेफ्लायची चोरटी शिकार कोणी करत नाही.

आणखी एक. धरणे, बोगदे, नदीकाठचे प्रकल्प यांच्या पर्यावरणीय आघात अहवालांत जलकीटकांच्या याद्या येतात. त्या यादीमागचे नमुने सरकारी संग्रहात जमा करून त्यांचे नोंदणी क्रमांक अहवालात द्यावेत, अशी अट मंजुरीतच घालावी. नमुना नसेल तर ती यादी तपासायची कशी?

उत्तराच्या प्रतीक्षेत,
ओढ्यांचा एक अभ्यासक, पुणे