दादाकडं तार, माझ्याकडं प्लेटा

मा. श्री. देवेंद्रजी फडणवीस,
मुख्यमंत्री तथा ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

केज तालुक्यात मांजरा नदीच्या बाजूला आम्हा दोघा भावांची शेजारीशेजारी चार-चार एकर जमीन आहे. मधे एकच बांध. दादाच्या विहिरीवर वडिलांच्या काळातलं वीज कनेक्शन आहे. माझ्या बोअरवर २०२२ पासून केंद्राच्या कुसुम योजनेतला पाच एचपीचा सौरपंप आहे. दादाला एका आठवड्यात दिवसा आठ तास लाईट मिळते, दुसऱ्या आठवड्यात रात्री दहा तास. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात तो बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातो आणि वहिनी पहाटेपर्यंत जागी असते. साप, रानडुक्कर आणि आता बिबट्याही. हे आपल्याला नव्यानं सांगायला नको, ‘शेतकऱ्याला दिवसा वीज’ हे शब्द आपल्याच पक्षानं प्रचारात वापरले.

आणि त्या शब्दाला आपण जागलाच नाहीत, असं मी म्हणणार नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आपल्या पहिल्या कारकिर्दीत, २०१७ मध्ये आली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात त्यातला पहिला तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरूही झाला. विजेच्या उपकेंद्राजवळ सौर प्लेटा लावायच्या, त्यांची वीज थेट शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर, सोडायची. मला विचाराल तर आपल्या सरकारनं ऊर्जेत केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच. दादाची मोटर रात्री दोन वाजता फिरते ती कोळशावर. तीच दुपारी बारा वाजता फिरली तर उन्हावर फिरेल. माणूसही झोपेल आणि कोळसाही वाचेल. गायरानावर प्लेटा आल्या की शेळ्या कुठं चारायच्या, हा प्रश्न मात्र त्याच गावांत विचारला जातोय. त्यावर स्वतंत्र पत्र लिहावं लागेल.

माझं भांडण दुसऱ्या योजनेशी आहे. जिचा आपण सगळ्यात जास्त गाजावाजा करता तिच्याशी, म्हणजे मागेल त्याला सौर कृषिपंप.

दहा टक्के रक्कम भरा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के भरा, अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्याच्या वर साडेसात. सोपी, सरळ योजना. डिसेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरला एका महिन्यात ४५,९११ पंप बसवल्याचा गिनीज विक्रमही झाला. विक्रम खरा आहे, पण तो पंप बसवण्याचा आहे. पुढच्या वर्षी त्यातले किती चालू आहेत, याचा विक्रम कोणी मोजत नाही. माझ्या पंपाच्या प्लेटा वावटळीनं उचलल्या तेव्हा कंपनीचा माणूस यायला दीड महिना लागला. पाच वर्षांची हमी कागदावर होती आणि कापूस रानात होता. असो. हे दुखणं लहान आहे, मोठं वेगळं आहे.

मोठं दुखणं असं की सौरपंप देताना तार, म्हणजे वीजजोडणी, मिळत नाही. पैसे भरून वर्षानुवर्षं जोडणीची वाट पाहणाऱ्यांनाही आता सौरपंपच घ्या असं सांगितलं जातं. म्हणजे माझ्या बोअरवर तयार होणारी वीज माझ्या बोअरवरच संपली पाहिजे. ती कुठं जाऊ शकत नाही आणि बाहेरून येऊही शकत नाही. ढगाळ दिवस असला, पीक वाळत असलं, तरी मी आभाळाकडं बघत बसतो. आणि पावसाळ्यात, पीक निघाल्यावर, रान मोकळं असताना? तेव्हा प्लेटा उन्हात नुसत्या तापतात.

माझा आपला साधा हिशोब आहे. पाच एचपीच्या पंपाला जवळपास पाच किलोवॉटच्या प्लेटा. स्वच्छ उन्हात एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट धरले तरी वीस युनिट होतात. वर्षात दीडशे दिवस पंप बंद राहिला, तर तीन हजार युनिट मातीत. सौर वाहिनी योजनेत सरकार खासगी प्रकल्पांकडून तीन रुपयांच्या आसपास युनिट घेतं. त्या भावानं हे नऊ हजार रुपये झाले. एका शेतकऱ्याचे. लाखो पंपांचा गुणाकार आपले अधिकारी माझ्यापेक्षा बरा करतील.

यापेक्षा वाईट काय झालं ते आता कबूल करतो. वीज फुकट, दिवसा, हवी तेवढी, आणि दुसरीकडं नेता येत नाही म्हटल्यावर मी काय केलं असेल? मोटर चालू ठेवली. सकाळी ऊन लागलं की पाणी सुरू, ऊन उतरेपर्यंत. मूठभर गव्हाऐवजी अर्धा एकर ऊस लावला. २०२३ ला पावसानं दगा दिला आणि पुढच्या फेब्रुवारीत बोअर भुसा ओकायला लागला. दादाची विहीर त्याच्या महिनाभर आधी बसली होती, माझ्यामुळंच. त्यानं तोंडानं काही म्हटलं नाही. मग मी काय करावं? दुसरा बोअर घेतला, सहाशे फूट. २००९ च्या भूजल कायद्यानं अधिसूचित भागात साठ मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली, नवी विहीर-बोअर खोदायला मनाई आहे. बोअरची गाडी मात्र रात्रीतून येते आणि रात्रीतून जाते. आणि सहाशे फुटांवरून पाणी ओढायला माझा सौरपंप पुरत नाही, हे खोदल्यावर कळलं.

यात चूक माझी आहेच, पण धोरणानं मला दुसरं काही करायला जागाच ठेवली नव्हती. ती जागा कशी ठेवता येते हे गुजरातेत बघायला मिळतं, आपल्याच पक्षाच्या राज्यात. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली, पंप तारेला जोडले आणि पाणी देऊन उरलेली वीज वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. पंचवीस वर्षांचा करार, युनिटला ४ रुपये ६३ पैसे. पाणी उपसावं की वीज विकावी, हा विचार शेतकऱ्याला पहिल्यांदा करावा लागला. २०१८ मध्ये गुजरात सरकारनं सूर्यशक्ती किसान योजनेत तोच धागा पुढं नेला. केंद्राच्या कुसुम योजनेत तर हे तिसऱ्या घटकात लिहिलेलंच आहे: जोडणी असलेल्या पंपाला प्लेटा लावा, उरलेली वीज विका. मग महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यानं तारेविनाच का राहायचं? दादाकडं तार आहे, माझ्याकडं प्लेटा. बांधावरून दोन खांब टाकले तर दोघांचंही भागेल. ते खांब कोणत्या योजनेत बसतात, हे मी तीन टेबलांवर विचारून आलो.

मोफत विजेबद्दलही लिहितो, म्हणजे पत्र एकतर्फी वाटायला नको. जून २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना मार्च २०२९ पर्यंत वीज माफ झाली, ४४ लाख शेतकऱ्यांना. दादाचं बिल शून्य आलं, आम्ही त्याला पेढे मागितले. पण जी वीज फुकट आणि जी विकता येत नाही, ती पाण्यातच जाणार. त्या माफीच्या पैशातला एक हिस्सा वाचवलेल्या युनिटमागं शेतकऱ्याच्या खात्यावर आला असता तर? दादासारखा माणूस ठिबक करायला धावला असता.

आता हवामानाकडं येतो. ग्लासगोत २०२१ मध्ये पंतप्रधानांनी २०७० पर्यंत कार्बनचा हिशोब शून्यावर आणण्याचा शब्द दिला. महाराष्ट्रात २०३० पर्यंत ५२ टक्के वीज हरित असेल असं आपण वरचेवर सांगता. आणि त्याच वेळी नागपूरजवळ, आपल्या जिल्ह्यात, कोराडीला ६६० मेगावॉटचे दोन नवे कोळशाचे संच उभे करायचं ठरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभा तोंडावर असताना, ६,६०० मेगावॉट वीजखरेदीचा पंचवीस वर्षांचा सौदा झाला. त्यात ५,००० सौर आहे, बरं वाटलं. पण १,६०० कोळशाचे आहेत. नवं केंद्र बांधून वीज द्यायची, म्हणजे तो करार २०५० ओलांडणार. संध्याकाळी सूर्य मावळतो, शहरात एसी चालू होतात, वीज लागतेच, हे मला मान्य आहे. त्यासाठीच तर सह्याद्रीत पाणी वर चढवून साठवणुकीच्या प्रकल्पांचे करार आपण केलेत ना? मग कोळसा आणखी किती वर्षं आणि कशाच्या बदल्यात, हे एका कागदावर दाखवा. रात्रीच्या शेतीच्या फीडरमागं किती कोळसा जळतो, ते सगळे दिवसावर आणले तर किती वाचेल, तेवढा वाचला तर कोराडी लागेल का? हे आकडे महावितरण आणि महानिर्मितीकडं असणारच.

मराठवाड्यातल्या माणसाला कोळसा आणि पाणी वेगळं काढता येत नाही. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. आमचा मेव्हणा तिथं कंत्राटावर होता, महिनोन्महिने घरी बसला. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हीच मांजरा पात्र सोडून शेतात आली. सोयाबीन गेलं, बांध गेला, माझ्या कंट्रोलरच्या पेटीत गाळ भरला. बोअर आटल्यापासून दोन वर्षांत दोन्ही टोकं बघितली. पंचनाम्याला आलेल्या पोरानं विचारलं, “काका, सौरपंपाचा रकाना कुठंय?” त्याच्या अर्जात तो नव्हता.

म्हणून मागणं एवढंच. सौरपंप मागणाऱ्याला तारेसह की तारेविना, हे निवडू द्या. उपकेंद्र जवळ आहे तिथं आधी फीडर सौर करा, तारेविना पंप जिथं खांब पोचत नाहीत अशा डोंगरपट्ट्यापुरता ठेवा. उरलेली वीज विकायची वाट कुसुममध्ये आहे, ती आमच्या तालुक्यापर्यंत आणा. आणि बसलेल्या पंपांपैकी चालू किती, हा आकडा दर हंगामाला गावाच्या चावडीवर लावा.

आपण केजला आलात तर हेलिपॅडपासून आमचं रान लांब नाही. जुना बोअर, नवा बोअर, दादाची विहीर आणि प्लेटा, चारही एका नजरेत दिसतात. बांध यंदा पुन्हा घातलाय. खांबाला जागा सोडली आहे.

कळावे,
आपला,
केज तालुक्यातला एक शेतकरी, जि. बीड