ओकेनाइटला पाणी लावू नकोस

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस की बाबा तो कापसाच्या गोळ्यासारखा दगड धुळीने मळलाय, ब्रशने धुऊन टाकू का, तेव्हापासून मला चैन नाही गं. धुऊ नकोस. तो ओकेनाइट आहे, त्याचा एकेक केस म्हणजे बारीक क्रिस्टल, आणि एकदा का पाणी लागलं की भिजलेल्या मांजरासारखे सगळे केस चिकटून बसतात, परत पहिल्यासारखे मोकळे होत नाहीत. बोटही लावू नकोस. लेन्स साफ करायचा रबरी पंप मिळतो ना, त्याने लांबून हलकेच हवा मार आणि वर काचेची बरणी पालथी घाल, बस.

स्टिल्बाइट मात्र साध्या पाण्याने धू, तो गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला गुलाबीसर आहे तो. हिरवा अपोफिलाइट पण चालेल, फक्त गरम पाणी नको आणि आपटू नकोस, तो पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो, त्याचं नावच त्यावरून पडलंय.

तुला ते निळं कॅव्हॅन्साइट लहानपणी फार आवडायचं, आठवतंय? कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट, तिघांची सुरुवातीची अक्षरं जोडून केलेलं नाव. पहिल्यांदा सापडलं ते 1960 च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉनला, पण जगभरचे लोक ज्याच्यासाठी वेडे होतात ते आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, मग त्या पोकळ्यांमधून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेलं सगळं आतल्या भिंतींवर हळूहळू जमत गेलं. म्हणजे रस्त्यावर टाकतो त्या खडीच्याच कातळात हे फुलतं. सुरुंग उडाल्यावर कोणाचं लक्ष गेलं तर वाचतं, नाहीतर सरळ क्रशरमध्ये.

आपला निळा दगड वाचला तो एका मुकादमामुळे. मी रविवारी परवानगी घेऊन खाणीवर जायचो तेव्हा त्याने डोक्याचा टॉवेल सोडून त्यात गुंडाळून ठेवला होता, भर उन्हात स्वतः उघड्या डोक्याने उभा. टॉवेलची घडी उलगडली तर पांढऱ्या स्टिल्बाइटवर नखाएवढं निळं फूल, मला दोन मिनिटं बोलताच आलं नाही. आपल्या घरात जे काही चांगलं आहे ते अशाच माणसांच्या नजरेने आलंय, हे तू कायम लक्षात ठेवावंस असं मला मनापासून वाटतं.

आणि आता मुख्य गोष्ट. घर बदलताना माझ्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या दगडांना लावलेल्या चिठ्ठ्या निसटून एकत्र झाल्या. अकरा दगड असे आहेत की जळगावचा कुठला, नाशिकचा कुठला, मला आता सांगता येत नाही. दिसायला तेवढेच सुंदर, पण कुठून आला ते गेलं की त्याची अर्धी गोष्टच गेली, संग्रह करणारा कोणीही तुला हेच सांगेल. म्हणून मी आता प्रत्येकाच्या बुडाला छोटा नंबर रंगवतोय आणि वहीत जागा, तारीख, कोणी दिला ते सगळं लिहितोय.

तुझ्याकडच्या हिरव्याला उलटा करून बघ बरं, खाली 27 आहे का. नसेल तर फोटो पाठव, वहीत शोधून आजच सांगतो.

तुझा,
बाबा