हेडला हात लावण्याआधी

प्रिय सुहास,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावला असशीलच. तब्येत ठीक आहे, पाठ अधूनमधून धरते एवढंच. पण व्हॅनचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होतंय आणि हेड, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायचं ठरतंय, हे वाचून राहवेना. गळती सापडल्याशिवाय हेड उघडू देऊ नकोस, बाबा.

आधी कूलंटच्या टाकीवर मार्करने रेघ मार आणि रोज सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, तिथेच पातळी बघ. गरम कूलंट फुगतं, त्यामुळे ती पातळी फसवते. आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण फडकं धरूनही उघडायचं नाही.

खाली डाग नाही म्हणजे गळती नाही, असं तू लिहितोस. गरम इंजिनवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही रे, वाटेतच त्याची वाफ होते. मागे उरते ती पांढरट, हिरवट नाहीतर गुलाबी खपली. टॉर्च घेऊन ती शोध: रबरी होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या जोडावर, वॉटर पंपाच्या पुलीमागे. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. तिथे ओघळ दिसला तर पंप बदल. ते भोक बुजवलंस तर पाणी बेअरिंगमध्ये जाईल.

खपली नाही सापडली तर गॅरेजमधून हातपंपाचा प्रेशर टेस्टर आण. गार इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला लाव आणि झाकणावर छापलाय तेवढाच दाब भर, बहुतेक 0.9 किंवा 1.1 बार असेल. 15-20 मिनिटं थांब. गार असल्यामुळे आता पाणी उडून जात नाही, थेंब असेल तिथे दिसतो. झाकणही त्याच टेस्टरवर तपास. त्याचं रबर चिरलं तर दाब टिकत नाही आणि उकळलेलं कूलंट बाहेर पडतं. तुझ्या व्हॅनला मागच्या सीटसाठी वेगळा हीटर असेल, तर त्याचे पाईप फ्लोअरखालून जातात. जुन्या गाडीत ते गंजतात आणि तिकडे कुणी वाकून बघत नाही. पुढे डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं, काचेवर चिकट धुकं, गोडसर वास, हे असेल तर हीटर कोर, म्हणजे हीटरमधला छोटा रेडिएटर, गेला.

बाहेर सगळं कोरडं आणि टाकीतली पातळी तरी उतरतेय, तेव्हाच हेडचा संशय. आधी ब्लॉक टेस्टर, म्हणजे निळं द्रावण भरलेली तपासनळी, रेडिएटरच्या तोंडाला लाव. पेट्रोल इंजिनात सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये जात असेल तर ते निळं द्रावण पिवळं पडतं. ऑइलच्या झाकणाखालची पांढरी साय हा हेड गेल्याचा पुरावा नव्हे. यावरून आपण एकदा रात्रभर भांडलोय, आणि मी अजून तेच म्हणतो: गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच फिरली की ओल जमून तशी साय धरते.

गळती बुजवायची पावडर टाकू नकोस, ती हीटर कोरच्या बारीक नळ्या तुंबवते. दुरुस्तीनंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भर, हीटर फुल गरमवर ठेवून हवा काढ. सांडलेलं लगेच पूस. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांचा जीव घेतं. तुझा मोती काहीही चाटतो.

नवी नोकरी कशी आहे? वहिनींना नमस्कार सांग. टाकीतली पातळी किती उतरली आणि किती वेळात, ते लगेच कळव.

तुझा,
विनय